भारत १९६६ : एका वर्षाच्या घटना आणि निधनांची नोंद कशी तयार करावी

प्रश्न थोडक्यात असा : १९६६ या वर्षातल्या भारतातील ठळक घटना आणि त्या वर्षी निधन पावलेल्या व्यक्ती यांची तारीखवार नोंद करायची आहे. काय घ्यावे, काय सोडावे, आणि निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तारखा दिसतात त्यांचे काय करावे?

वर्ष चांगले निवडले आहे. या कामात ज्या ज्या जागी पाय घसरतो त्यातल्या बहुतेक जागा १९६६ मध्ये आहेत, म्हणून हेच वर्ष धरून सांगतो. दुसरे कुठलेही वर्ष घेतले तरी पद्धत हीच.

घटना गोळा करण्याआधी पहिल्या पानावर वर्षभरातले पदाधिकारी लिहून काढा, कोण कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होते यासह. १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन आणि उपराष्ट्रपती झाकीर हुसेन वर्षभर होते. पंतप्रधान मात्र तीन झाले : ११ जानेवारीपर्यंत लालबहादूर शास्त्री, ११ ते २४ जानेवारी काळजीवाहू म्हणून गुलझारीलाल नंदा, आणि २४ जानेवारीपासून इंदिरा गांधी. सरन्यायाधीशही तीन : मार्चच्या मध्यापर्यंत प्र. बा. गजेंद्रगडकर, २९ जूनपर्यंत अ. कु. सरकार, ३० जूनपासून के. सुब्बा राव. हे पान छापायचे नसले तरी करा, कारण पुढच्या निम्म्या चुका तेच पकडून देते. २० जानेवारीच्या नोंदीत ‘पंतप्रधान इंदिरा गांधी’ असे आले की लगेच कळते, त्या दिवशी त्या पक्षाच्या निवडून आलेल्या नेत्या होत्या, शपथ झालेली नव्हती. ऑगस्टच्या नोंदीत ‘गृहमंत्री यशवंतराव चव्हाण’ असे असेल तर तेही चूक. ऑगस्टमध्ये ते संरक्षणमंत्री होते. गृहखाते त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यावर आले.

त्यानंतर गोळा करण्याच्या तीन फेऱ्या, आणि त्यांचा क्रम बदलू नका. पहिली फेरी दैनिकाची. एकाच दैनिकाची वर्षाची फाइल घ्या, पहिले पान आणि आतली निधनवार्ता एवढेच पाहा, आणि दर महिन्याला एक असे बारा कागद करा. दुसरी फेरी सरकारी कागदांची : राजपत्र, संसदेचे कामकाज, आयोगांचे अहवाल. तिसरी फेरी आजच्या नजरेची, म्हणजे विज्ञान, शेती, शिक्षण, कला, खेळ या क्षेत्रांच्या इतिहासात १९६६ हे साल कशासाठी येते ते शोधण्याची. बहुतेक जण तिसऱ्या फेरीपासून सुरुवात करतात. मग आज ज्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या होतात तेवढेच लोक आणि आज ज्यावर वाद चालतो तेवढ्याच घटना यादीत येतात. नुसत्या दैनिकावर विसंबले तर उलटे होते, त्या दिवशी गाजलेले सगळे येते आणि गाजावाजा न होता घडलेले सुटते.

सुटणारे म्हणजे काय, त्याची दोन उदाहरणे. कोठारी आयोगाने शिक्षणावरचा अहवाल २९ जून १९६६ रोजी सादर केला. १९६८ चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि १०+२+३ हा आकृतिबंध त्यातून आला. त्या आठवड्याची दैनिके चाळताना ही बातमी सहज नजरेतून निसटते. दुसरे म्हणजे मेक्सिकोहून आणलेले बुटक्या गव्हाचे बियाणे. १९६६ मध्ये असे सुमारे १८,००० टन बियाणे देशात आले आणि त्याच खरिपापासून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम सुरू झाला. याला ‘एक दिवस’ नाही. अशा गोष्टींसाठी तारीखवार यादीच्या आधी ‘वर्षभर’ असा छोटा भाग ठेवा. दुष्काळ, अन्नधान्याची आयात, बिहारमधली बिघडत गेलेली परिस्थिती हे सगळे तिथे घ्या. ओढूनताणून एखादी तारीख चिकटवली तर ती पुढे शंभर ठिकाणी उतरवली जाते.

तीन फेऱ्यांनंतर हाताशी दीडशे ते दोनशे कच्च्या नोंदी असतात. छापण्याजोग्या ५० ते ६० घटना आणि ३० ते ४० निधने ठेवावीत. त्याहून जास्त झाले की वाचणाऱ्याला वर्षाचा आकार दिसत नाही. निवडीची माझी कसोटी एकच आहे : ही घटना घडली नसती तर एका राज्याच्या बाहेरच्या लोकांच्या आयुष्यात, कायद्यात किंवा एखाद्या क्षेत्राच्या वाटचालीत फरक पडला असता का? या कसोटीला १९ जून १९६६ ची शिवसेनेची स्थापना उतरते. त्या दिवशी ती मुंबईपुरती गोष्ट होती, पुढे तिचा परिणाम देशाच्या राजकारणावर झाला. २५ ऑक्टोबरला नेमलेला महाजन आयोगही उतरतो, कारण महाराष्ट्र आणि म्हैसूर या दोन राज्यांचा सीमावाद केंद्राने हाती घेतला होता. मंत्र्यांची उद्घाटने, परदेशी पाहुण्यांचे दौरे, परिषदांचे ठराव यांतले नव्वद टक्के सहज गळते.

आता तारखा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बऱ्याच घटनांना एक नव्हे, तीन-चार तारखा असतात : निर्णयाची, कायद्याची, अंमलाची, आणि बातमीची. पंजाबची पुनर्रचना पाहा. काँग्रेस कार्यकारिणीचा पंजाबी सुभ्याच्या, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्याच्या, बाजूचा ठराव मार्चमधला, सीमा ठरवणारा शहा आयोग एप्रिलमधला, पंजाब पुनर्रचना कायद्याला राष्ट्रपतींची संमती १८ सप्टेंबरची, आणि हरियाणा प्रत्यक्ष अस्तित्वात आले १ नोव्हेंबर १९६६ ला. ‘हरियाणाची स्थापना’ असे लिहायचे तर तारीख १ नोव्हेंबर आणि दुसरी कुठलीही नाही. कायद्यात ‘नियत दिन’ म्हणून दिलेला दिवस तोच. सप्टेंबरची नोंद हवी असेल तर तिथे ‘कायद्याला संमती’ असे लिहा. नियम सोपा आहे : आधी क्रियापद ठरवा, तारीख त्याच्या मागे येते. ‘निवड झाली’ लिहिले तर इंदिरा गांधींसाठी १९ जानेवारी, त्या दिवशी संसदीय पक्षात मोरारजी देसाईंविरुद्ध त्या ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडून आल्या. ‘शपथ घेतली’ लिहिले तर २४ जानेवारी. ‘पंतप्रधान झाल्या’ असे मोघम लिहिले की १९ तारीख घुसते आणि मधले पाच दिवस देशाला दोन पंतप्रधान होतात.

मध्यरात्रीनंतरच्या घटना हा दुसरा सापळा. भारत-पाकिस्तानमधल्या ताश्कंद करारावर सह्या १० जानेवारीला झाल्या. शास्त्रीजींचे निधन त्याच रात्री, पण मध्यरात्र उलटल्यावर साधारण दीडच्या सुमारास झाले, म्हणून तारीख ११ जानेवारी. घड्याळाच्या फरकामुळे लंडनमध्ये तेव्हा १० तारखेची संध्याकाळ होती आणि अमेरिकेत दुपार. परदेशी बातम्यांवरून उतरवलेल्या याद्यांत १० जानेवारी दिसते ती यामुळे. नियम असा ठेवा की घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची. ताश्कंद आणि दिल्ली दोन्हीकडे ११ तारीखच होती, त्यामुळे इथे प्रश्न उरत नाही.

दैनिकावरून तारीख घेताना छापल्या दिवसाची घेऊ नका, बातमीच्या सुरुवातीला गावाच्या नावापुढे असते ती घ्या. मजकुरात ‘काल’ किंवा ‘आज पहाटे’ असेल तर ती तारीख धरून हिशेब करा. सणासुदीला आणि राष्ट्रीय सुट्टीला दुसऱ्या दिवशीचा अंक निघत नाही, तेव्हा बातमी दोन दिवस उशिरा येते. दिवाळीतल्या आणि प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागेच्या नोंदी यासाठी दोनदा तपासा.

वाराची पडताळणी फुकटात होते आणि खूप चुका पकडते. १ जानेवारी १९६६ ला शनिवार होता. वर्ष लीप नसल्याने फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर हे तिन्ही महिने मंगळवारी सुरू झाले. म्हणजे ११ जानेवारी मंगळवार, २६ फेब्रुवारी शनिवार, ६ जून सोमवार, ७ नोव्हेंबर सोमवार. एखाद्या आठवणीत ‘त्या रविवारी’ असे असेल आणि तारीख गुरुवारची निघत असेल, तर दोहोंपैकी एक चुकीचे आहे. राजपत्रावर राष्ट्रीय पंचांगाची शक तारीखही असते. १९६६ साल ११ पौष १८८७ ला सुरू होऊन १० पौष १८८८ ला संपते. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या भागात, २१ मार्चपर्यंत, शकात ७९ मिळवायचे आणि २२ मार्चपासून ७८. सरसकट ७८ मिळवले की जानेवारी ते मार्चच्या सगळ्या नोंदी एक वर्ष मागे, १९६५ मध्ये जातात.

आकड्यांतही अशीच गफलत होते. ६ जून १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनाबद्दल कुठे ३६.५ टक्के, तर कुठे ५७.५ टक्के असे सापडते. दोन्ही बरोबर आहेत. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांना गेला. रुपयाच्या बाजूने पाहिले तर त्याची डॉलरमधली किंमत सुमारे २१ सेंटवरून १३.३३ सेंटवर आली, म्हणजे ३६.५ टक्के घट. डॉलरच्या बाजूने पाहिले तर तो ५७.५ टक्के महाग झाला. नोंदीत टक्के टाळा आणि दोन दर द्या. वाचणारा आपला हिशेब करतो आणि चुकायला जागा राहत नाही.

‘१९६६ चे धान्य उत्पादन’ असा आकडा कुणी दिला तर तो घेऊ नका. शेतीचे वर्ष जुलै ते जून असते. १९६४-६५ मध्ये ८.९ कोटी टन, १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी टन आणि १९६६-६७ मध्ये ७.४ कोटी टन असे उत्पादन होते. १९६६ ची टंचाई समजायला हे तिन्ही आकडे एकत्र द्यावे लागतात. योजनेचेही तसेच : तिसरी पंचवार्षिक योजना ३१ मार्च १९६६ ला संपली आणि चौथी १९६९ पर्यंत सुरू झाली नाही, मधली तीन वर्षे वार्षिक योजनांवर काढली.

मृतांच्या संख्येबाबत जास्त काळजी घ्या. २४ जानेवारीला आल्प्समधल्या माँ ब्लांक पर्वतावर कोसळलेल्या एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७ मध्ये १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी असे ११७ जण गेले, हा आकडा पक्का आहे. पण काही याद्यांत याच अपघातापुढे ४८ दिसतो. तो ३ नोव्हेंबर १९५० ला त्याच पर्वतावर पडलेल्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाचा. ७ नोव्हेंबरला गोहत्याबंदीच्या मागणीसाठी संसदेवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यातल्या मृतांचे सरकारी आकडे आणि आंदोलकांचे आकडे यांत फार मोठे अंतर आहे. तिथे एकच संख्या छापणे म्हणजे एका बाजूची साक्ष आपल्या नावावर घेणे. ‘गोळीबारात मृत्यू, संख्येबाबत मतभेद’ असे लिहा, आणि निर्विवाद आहे ते द्या : नंदांना गृहमंत्रिपद सोडावे लागले.

काही घटना त्या वेळच्या दैनिकांत नीट सापडणारच नाहीत. १ मार्चला मिझो नॅशनल फ्रंट या बंडखोर संघटनेने भारतापासून स्वातंत्र्याची घोषणा केली आणि ५ मार्चला हवाई दलाने ऐजॉलवर हल्ला केला. सरकारने तेव्हा हल्ला मान्य केला नाही, विमानांतून माणसे आणि रसद टाकल्याचे सांगितले. म्हणून ही नोंद तिसऱ्या फेरीतच हाती लागते. ती घ्यायलाच हवी. आपल्याच देशातल्या गावावर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकल्याची गोष्ट वर्षाच्या नोंदीतून गळणे हा त्या गावावर अन्याय आहे. तिथे ‘मिझोराम राज्य’ असे मात्र लिहू नका. तो तेव्हा आसामचा मिझो हिल्स जिल्हा होता. केंद्रशासित प्रदेश १९७२ मध्ये आणि राज्य १९८७ मध्ये झाले. नावांचा नियम सगळीकडे हाच : त्या वर्षी जे नाव होते ते. कर्नाटक नव्हे, म्हैसूर राज्य. तामिळनाडू नव्हे, मद्रास राज्य. जगदलपूर मध्य प्रदेशात. आजचे नाव गरज असेल तर पहिल्या उल्लेखाला एकदा द्या.

आता निधने. हा भाग घटनांपेक्षा सोपा वाटतो आणि जास्त चुकतो.

मोठ्या मृत्यूच्या आसपास गेलेली माणसे नोंदीतून सुटतात. ११ जानेवारीनंतरचे पंधरा दिवस दैनिकांत शास्त्रीजी आणि वारसदाराची निवड याशिवाय फारसे काही नाही. १२ जानेवारीला काकासाहेब गाडगीळ गेले : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळातले मंत्री, पुढे पंजाबचे राज्यपाल. १६ जानेवारीला पुण्यात सिंधी संत साधू वासवानी गेले. दोन्ही बातम्या आतल्या पानांवर आणि थोडक्यात सापडतील. म्हणून मोठ्या निधनानंतरच्या दोन आठवड्यांचे अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. तसेच २४ जानेवारीचे : नवे पंतप्रधान आणि माँ ब्लांकच्या विमान अपघातात अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचा मृत्यू एकाच दिवशी. अशा वेळी अपघात घटनांत आणि भाभा निधनांत अशी दुहेरी नोंद करा, नाहीतर घटनेत आले म्हणून निधनांच्या यादीतून भाभांचे नाव निसटते. बस्तरचे माजी संस्थानिक प्रवीरचंद्र भंजदेव २५ मार्चला जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेही दोन्हीकडे हवेत.

वय काढताना नुसती सालांची वजाबाकी करू नका. शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४; वजाबाकीने ६२ येतात, खरे वय ६१. भाभा ३० ऑक्टोबर १९०९, वय ५६. सावरकर २८ मे १८८३ चे, २६ फेब्रुवारीला गेले तेव्हा ८३ नव्हे, ८२. दामोदर धर्मानंद कोसंबी ३१ जुलै १९०७ चे, २९ जूनला गेले, वय ५८. नंदलाल बोस ३ डिसेंबर १८८२ चे, १६ एप्रिलला गेले, वय ८३. पाचही ठिकाणी वजाबाकी एकाने चुकते, कारण कुणाचाच त्या वर्षीचा वाढदिवस आलेला नव्हता. जन्मतारीख आणि मृत्युतारीख दोन्ही पूर्ण मिळाल्याशिवाय वय छापू नये.

मृत्यूचे कारण फक्त ते निश्चित आणि सार्वजनिक असेल तर द्या. शास्त्रीजींसाठी ‘अधिकृत निवेदनानुसार हृदयविकाराच्या झटक्याने’ एवढे पुरे; पुढे उठलेल्या शंकांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सावरकरांसाठी ‘प्रायोपवेशनानंतर’ हा शब्द वस्तुस्थिती सांगतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून त्यांनी अन्न आणि औषध बंद केले होते.

ओळख एका ओळीत, आणि तीही कामाची. विशेषणांनी जागा अडवू नका. कोसंबींची नोंद अनेक ठिकाणी ‘थोर विचारवंत’ एवढीच दिसते. ती अशी करा :

२९ जून – दामोदर धर्मानंद कोसंबी (५८), गणितज्ञ आणि इतिहाससंशोधक, नाणेशास्त्रात संख्याशास्त्रीय पद्धती आणली, प्राचीन भारताच्या इतिहासाची भौतिकवादी मांडणी केली, पुणे.

तारीख, नाव, वय, क्षेत्र, ठोस काम दोन, ठिकाण. वीस-पंचवीस शब्दांत सगळे बसते. घटनेची नोंद ३० ते ४० शब्दांपर्यंत जाऊ द्या. व्यक्ती लोकांना टोपणनावाने किंवा एकाच नावाने माहीत असेल, जसे १४ डिसेंबरला गेलेले गीतकार शैलेंद्र, तर तेच नाव पुढे ठेवा. अकारादी सूची करणार असाल तर ‘काकासाहेब गाडगीळ’ आणि ‘नरहर विष्णू गाडगीळ’ दोन्ही ठिकाणी द्या.

निधनांत कुणाला घ्यावे याचा वाद नेहमी होतो. पदावर होते म्हणून घेतलेल्यांची यादी दर वर्षी सर्वांत लांब असते आणि सर्वांत लवकर विसरली जाते. माजी राज्यमंत्री, संस्थानिक आणि उद्योगपती कमी करा; शास्त्रज्ञ, चित्रकार, गायक, भाषांचे अभ्यासक, कामगार चळवळीतली माणसे वाढवा, आणि मुंबई-दिल्लीबाहेरची मुद्दाम शोधा. एकाच भाषेचे दैनिक वापरले तर दुसऱ्या भाषांतले लेखक-कलावंत सुटतातच. म्हणून निधनांपुरते तरी निदान एक दक्षिणेतले आणि एक पूर्वेकडचे दैनिक पाहा.

खेळ आणि इतर मानसन्मान थोडक्यात : मिहिर सेन यांनी त्या एकाच वर्षात पाल्कची सामुद्रधुनी, जिब्राल्टर, डार्डनेल्स, बॉस्फरस आणि पनामा कालवा पोहून पार केला, १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली, डिसेंबरमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत हॉकीचे सुवर्ण पाकिस्तानला हरवून मिळाले. एवढे पुरे.

वर्षाच्या कडेवरच्या नोंदी शेवटी तपासा. टेनिसच्या डेव्हिस चषकाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची अंतिम लढत डिसेंबर १९६६ च्या अखेरीस मेलबर्नला संपली; भारत ४-१ हरला, दुहेरीचा सामना मात्र कृष्णन आणि मुखर्जी यांनी जिंकला. ती पूर्णपणे याच वर्षात. वेस्ट इंडीजविरुद्धची ईडन गार्डन्सची कसोटी ३१ डिसेंबरला सुरू झाली, म्हणून अनेक जण तिथली प्रेक्षकांची दंगलही १९६६ मध्ये टाकतात. दंगल दुसऱ्या दिवशी झाली. १९६६ च्या पानावर फक्त ‘कसोटीला सुरुवात’ येईल. जाळपोळ आणि थांबलेला खेळ १ जानेवारी १९६७ खाली.